जुन्या ऑफिस पीसीला डीव्हीडी रायटर घ्यायचाय? आधी कॅबिनेट उघडा

आता सीडी कोण वापरतं हो, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा इंदूरला एमजी रोडवर हायकोर्टाच्या आसपास कुठल्याही वकिलाच्या ऑफिसात बसून बघावं. दुकानाचं सीसीटीव्ही फुटेज, कॉल रेकॉर्डिंग, मोबाइलमधले फोटो, सगळं डिस्कवर राईट होतं, लिफाफ्यात जातं आणि लिफाफा फाइलला लागतो. १ जुलै २०२४ पासून जुन्या एव्हिडन्स अ‍ॅक्टच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय, इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर लागायचं ते ६५ब चं सर्टिफिकेट आता कलम ६३ खाली द्यायचं असतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू पण लिहायची असते, म्हणजे फाइलवरून निघणारा एक कोड, फाइल जरा जरी बदलली तरी तो बदलतो. कायदा सीडीच द्या असं कुठे म्हणत नाही, पण एकदा राईट करून बंद (फायनलाइज) केलेली सीडी-आर, म्हणजे एकदाच लिहिता येणारी सीडी, नंतर कोणी बदलू शकत नाही, बाबू लोकांना ती फाइलीत लावायची सवय आहे, आणि पेन ड्राइव्ह लिफाफ्यातून कधी कोणाच्या खिशात जाईल सांगता येत नाही. एमआरआय-सीटीवाल्यांचं पण तेच, पेशंटच्या हातात फिल्मबरोबर सीडी देतातच.

आणि नेमक्या ह्याच ऑफिसांतले कॉम्प्युटर सगळ्यात जुने. कुठे विंडोज एक्सपी चालू आहे कारण डॉट मॅट्रिक्स प्रिंटर त्यालाच लागतो, कुठे विंडोज ७ आहे कारण जुनं सॉफ्टवेअर पुढे चालत नाही. मी अशीच छोटी छोटी ऑफिसं सांभाळतो, त्यामुळे "स्वस्तात एखादा रायटर सांग ना" हा फोन मला ठरलेला. एका वकील काकांशी झालेलं बोलणं साधारण असं.

"अरे, तीन पीसी आहेत, तिन्हीला एकेक लावून टाक, बघ काही स्वस्तात."

"काका, राईट करतो कोण?"

"मुंशी."

"मग तीन कशाला?"

माझं म्हणणं एवढंच आहे, की रायटर पीसींच्या संख्येवर नाही, कामावर घ्यायचा. जिथे रोज डिस्क निघते त्या एका पीसीच्या आत एक धड, नवा रायटर बसवा, बाकी सगळ्या ऑफिसला मिळून एक यूएसबीचा बाहेरचा ठेवा, आणि रोजचं काम नसेल तर तो बाहेरचा एकटा पण पुरे. तीन सेकंडहँड घेण्याच्या पैशांत हे बसतं. आणि हो, एका पीसीचा ड्राइव्ह नेटवर्कवर शेअर केला की दुसऱ्या पीसीवरून राईट पण होईल असं बऱ्याच जणांना वाटतं, तर नाही होत, विंडोजमध्ये तसा शेअर केलेला ड्राइव्ह दुसरीकडून फक्त वाचता येतो. फोल्डर शेअर करा, फाइली त्यात टाका, राईट रायटरवाल्या पीसीवरूनच.

आता काय घ्यायचं ते दुकानात नाही ठरत, कॅबिनेटच्या आत ठरतं. साइडचा पत्रा काढा आणि जुन्या ड्राइव्हच्या मागे काय लागलंय ते बघा. चपटी रुंद पट्टी केबल असेल, ४० पिनची, तर तो आयडीई. बारीक, बोटाएवढी केबल असेल तर साटा. ड्राइव्ह बोर्डाला जोडायच्या ह्या दोन पद्धती, आयडीई जुनी, साटा नवी. ही एक गोष्ट बघून, जमल्यास मोबाइलवर फोटो काढून मग सिल्व्हर मॉलला जा, नाहीतर तिथे काउंटरवर "भिया, लग जाएगा, ले जाओ" हे उत्तर तयार असतं आणि घरी आल्यावर लागत नाही.

आयडीई दिसली म्हणून घाबरून जायची गरज नाही मात्र, कारण आपल्याकडच्या ऑफिसांत खच पडलेले जे बोर्ड आहेत, इंटेलच्या ९४५ आणि जी४१ चिपसेटचे, त्यात खाली आयसीएच७ ही चिप असते आणि ती एक आयडीई आणि चार साटा असं दोन्ही देते. म्हणजे जुना आयडीई रायटर मेला तरी त्या जागी नवा साटा सरळ लागतो, बोर्डावर एखादा साटा पोर्ट रिकामा असतोच. अडचण येते ती एसएमपीएसची, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायच्या डब्याची, जुन्या सप्लायला साटाची १५ पिनची चपटी पॉवर वायर नसते, चार पिनचे पांढरे मोठे मोलेक्सच असतात. त्याला कन्व्हर्टर मिळतो, अगदी किरकोळ पैशात, पण तो घेताना साटाच्या बाजूचं टोक बघून घ्या. प्लास्टिक ओतून पूर्ण बंद केलेलं असेल तर ठेवून द्या, आत वायरी एकमेकींना लागून जळण्याचे प्रकार ह्याच्यातच होतात. वायरी वेगवेगळ्या घुसवून दाबलेल्या दिसतात, मागे टोपी निघते, तसा घ्या.

त्याच्याही आधीचा पीसी असेल, साटा अजिबात नाही, तर लोक जुना आयडीई रायटर शोधत जेल रोडपर्यंत फिरतात. मी तरी घेऊ नका म्हणेन. नवे आयडीई रायटर आता बनत नाहीत, जो मिळेल तो कुठल्यातरी भंगार पीसीतून काढलेला, कपड्यानं पुसून चकाचक केलेला. आणि ह्यात एक गोम आहे, ड्राइव्हमध्ये सीडीचा आणि डीव्हीडीचा लेझर वेगवेगळा असतो, सीडीचा ७८० नॅनोमीटर, डीव्हीडीचा ६५०. त्यामुळे दुकानदार गाण्यांची सीडी लावून "ये देखो चल रहा है" दाखवतो ते खरंच असतं, तरीपण डीव्हीडीचा लेझर मेलेला असू शकतो.

मग त्या पीसीला यूएसबीवाला एक्स्टर्नल. इथे पण थांबून एक गोष्ट बघायची. विंडोजमधलं डिव्हाइस मॅनेजर उघडा, पीसीला काय काय लागलंय त्याची यादी असते तिथे, आणि यूएसबी कंट्रोलरच्या यादीत कुठे "एनहान्स्ड" शब्द दिसतो का बघा. दिसला तर यूएसबी २.०, काम झालं. फक्त "ओपन" नाहीतर "युनिव्हर्सल" दिसत असेल तर बहुतेक १.१ आहे, किंवा मग ड्रायव्हर टाकलेला नाही. यूएसबी १.१ ची मर्यादा सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे हातात येतं जेमतेम एक मेगाबाइट, आणि डीव्हीडीचा १एक्स स्पीडच सेकंदाला १३८५ किलोबाइट असतो. म्हणजे सगळ्यात हळू स्पीडला पण पुरत नाही. सीडी कशीबशी निघेल, १एक्स सीडीला १५० किलोबाइटच लागतात. अशा पीसीला बोर्डावरच्या पीसीआय स्लॉटमध्ये (जादा कार्ड लावायची खाच) यूएसबी २.० चं कार्ड टाका, किंवा खरं सांगू का, त्या पीसीवरून फाइल पेन ड्राइव्हवर घ्या आणि दुसऱ्यावर राईट करा, त्याच्यावर खर्च करू नका.

एक्स्टर्नलची दुसरी भानगड करंटची. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपियर देतो, आणि राईट सुरू होताना ड्राइव्ह जोरात फिरायला लागला की कधी कधी त्याहून जास्त ओढतो. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला लावला की टकटक आवाज येतो, ड्राइव्ह दिसतो, गायब होतो, परत दिसतो, आणि लोक म्हणतात खराब निघाला. मागच्या पोर्टला लावा, थेट बोर्डावरच्या. हब नको, लांब एक्सटेन्शन केबल नको. दोन तोंडांची केबल येत असेल तर दोन्ही तोंडं लावा, दुसरं करंटसाठीच असतं.

रेडिओलॉजीवाल्यांनी मात्र हा पातळ एक्स्टर्नल रोजच्या कामाला लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात लॅपटॉपचाच ड्राइव्ह असतो, सगळं नाजूक, ट्रे बोटानं बाहेर ओढायचा. दिवसभर पेशंट आणि दिवसभर डिस्क असेल तर पूर्ण आकाराचा, आत बसणारा साटाच घ्या, तो स्वस्त पण पडतो. फक्त कॅबिनेट स्लिम असेल, आडवं, मॉनिटरखाली ठेवतात तसलं, तर त्यात बऱ्याचदा लॅपटॉपचाच ड्राइव्ह बसतो आणि तो १२.७ आणि ९.५ मिलिमीटर अशा दोन जाडीत येतो. पट्टीनं मोजून जा.

कंपनी कुठली? ह्यावर लोक फार डोकं लावतात. खोक्यावर काहीही नाव असू दे, पीसीला लावल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये बघा काय दिसतं. एचएल-डीटी-एसटी दिसलं तर हिटाची आणि एलजीची मिळून असलेली कंपनी, टीएसएसटी म्हणजे तोशिबा-सॅमसंग, पीएलडीएस म्हणजे फिलिप्स आणि लाइट-ऑन, मात्सुशिता दिसलं तर पॅनासॉनिक. बनवणारे मोजकेच, स्टिकर बदलतात. सोनीनं तर आपलं ऑप्टिआर्क २०१३ मध्येच बंद केलं, त्यामुळे "नवा सोनी" कोणी देत असेल तर तो किती वर्षं गोदामात पडला होता ते विचारा. नव्यात एलजी, आसुस, लाइट-ऑन जो वॉरंटीच्या बिलावर मिळेल तो घ्या आणि विषय संपवा.

स्पीडचं पण तसंच. खोक्यावर मोठ्ठं २४एक्स लिहिलेलं असतं, पण तो स्पीड डिस्कच्या बाहेरच्या कडेला आणि ठरावीक डिस्कवरच. ८एक्सला पूर्ण भरलेली डीव्हीडी सात-आठ मिनिटांत निघते, तेवढ्यात मुंशी पोहे खाऊन येतो. वकिलाच्या ऑफिसला ह्यापेक्षा जास्त कशाला पाहिजे? मी तर नेहमी ८एक्सच ठेवतो, पीसी जुना असेल तर ४एक्स.

एक्सपीवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट, कारण ह्याच्यामुळे चांगले रायटर फेकले जातात. राईट करताना माउस अडखळायला लागला, पीसी पार झोपला, तर ड्राइव्हला दोष देऊ नका. डेटा वाचताना सहा वेळा एरर आली की एक्सपी त्या चॅनलला डीएमए (डेटा थेट मेमरीत जातो तो जलद मोड) मधून काढून हळूहळू पीआयओ ह्या संथ मोडवर आणून टाकतो आणि तिथेच ठेवतो, मग सगळं काम प्रोसेसरच्या डोक्यावर. डिव्हाइस मॅनेजरमध्ये सेकंडरी आयडीई चॅनल अनइन्स्टॉल करा, रीस्टार्ट मारा, तो परत सापडतो आणि स्पीड परत येतो. पट्टी केबल पण बदला, एरर बऱ्याचदा तिचीच असते.

एक्सपी स्वतःहून फक्त सीडी राईट करतो, डीव्हीडी नाही. त्याला इमेजबर्न किंवा सीडीबर्नरएक्सपी टाका, दोन्ही फुकट आहेत, फक्त इन्स्टॉल करताना आलं ते नेक्स्ट-नेक्स्ट करत सुटू नका, नको ती टूलबार चिकटते. विंडोज ७ ला वेगळं काही लागत नाही, पण तो कोरी डिस्क टाकली की विचारतो, पेन ड्राइव्हसारखी वापरायची का सीडी/डीव्हीडी प्लेयरसाठी. कोर्टात द्यायची असेल तर दुसरं. पहिलं निवडलं तर त्या डिस्कवर नंतर फाइली टाकता-काढता येतात, म्हणजे आपला मुद्दाच गेला, आणि जुन्या पीसीवर ती उघडेल ह्याची पण खात्री नाही. राईट झाल्यावर डिस्कवरच्या फाइलची एसएचए-२५६ हॅश काढून मूळ फाइलशी जुळवून घ्या, विंडोज ७ मध्ये सर्टयुटिल कमांडनं निघते. सर्टिफिकेटला ती लागणारच आहे, आणि डिस्क नीट वाचली जाते का तेही त्यातच कळतं.

रायटरवर वाचवलेले पैसे कोऱ्या डिस्कवर घाला. पूर्वी मोझर बेअर सगळीकडे मिळायची, बरी असायची, कंपनी २०१८ मध्ये लिक्विडेशनमध्ये गेली. आता नाव नसलेले पन्नास डिस्कचे डबे विकतात, त्यातली डिस्क आज चालते आणि तारखेवर तारीख पडत दोन-तीन वर्षांनी केस उभी राहिली की वाचत नाही. व्हर्बॅटिम मिळाली तर घ्या. कागदी स्टिकर चिकटवू नका, डिस्क डगमगते आणि गोंद पण खालपर्यंत त्रास देतो. बॉलपेननं तर अजिबात लिहू नका, डेटाचा थर सीडीत लेबलच्या बाजूलाच असतो, अगदी वरती. डिस्कसाठीचा मऊ टोकाचा मार्कर मिळतो, मधल्या पारदर्शक गोलावर केस नंबर लिहा.

आणि दुकानात टेस्ट मागाच, नवा असला तरी. एखादी छोटी फाइल राईट करून दाखवली तर ते चालायचं नाही, डिस्क आतून बाहेर भरत जाते आणि खराब ड्राइव्ह कडेलाच अडकतो. पूर्ण ४.३७ जीबी, विंडोज डीव्हीडी तेवढीच दाखवतो, भरून व्हेरिफायवर (लिहिलेलं परत वाचून तपासणं) टिक लावून करायला सांगा. तोंड वाकडं करतात, पण करतात. डिस्कचे पैसे आपण द्यायचे.