आबांच्या मुदत ठेवीचे पैसे 'सरकारजमा' झाले होते, ते परत मिळाले : माझा अनुभव

2024 च्या दिवाळीत माहेरचं धाब्याचं घर पाडून स्लॅब टाकायचं ठरलं. अमळनेर तालुक्यात बोरीकाठी आमचं गाव. सामान बाहेर काढताना आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पत्र्याची पेटी उघडली. वर सोसायटीच्या पावत्या, वीजबिलं, कापूस एकाधिकार खरेदीच्या वेळच्या चुकाऱ्याच्या चिठ्ठ्या, आणि तळाशी खताच्या पिशवीत गुंडाळलेली मुदत ठेवीची पावती. 1998 सालची, 20,000 रुपयांची, पाच वर्षांसाठी. एका कोपऱ्याला कसर लागलेली, पण आकडा आणि शिक्का स्वच्छ वाचता येत होता. मागच्या बाजूला आबांची सही होती, शेवटच्या अक्षराची वेलांटी पार कागदाच्या कडेपर्यंत ओढलेली. ते तशीच सही करायचे.

आबा 2006 मध्ये गेले. त्या वर्षीच भाऊ त्या बँकेत चौकशीला गेला होता, तेव्हा त्याला सांगितलं होतं, "पावती आणा, मग बघू." पावती घरात कुणाला सापडलीच नाही. पुढे दहा-बारा वर्षांनी तो पुन्हा गेला तेव्हा उत्तर मिळालं, "आता ते सरकारजमा झालं." या एका शब्दावर आमच्या घराने ती ठेव सोडून दिली होती. मला सगळ्यात जास्त याच शब्दाबद्दल सांगायचं आहे, कारण खान्देशात कितीतरी घरं त्याच शब्दावर परत फिरली असतील.

झालेलं असतं ते असं. दहा वर्षं ज्या खात्यावर काही व्यवहार नाही, किंवा मुदत संपून दहा वर्षं ठेव कुणी मागितली नाही, त्याची रक्कम बँकेला रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत भरावी लागते. ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधी असं त्याचं नाव, 2014 मध्ये सुरू झाला. पण रक्कम तिकडे गेली म्हणून ठेवीदाराचा किंवा वारसाचा हक्क जात नाही. मागणी आपण आपल्या बँकेकडेच करायची. बँक आपल्याला पैसे देते आणि नंतर त्या निधीतून स्वतः वसूल करते. मागायला शेवटची तारीख नाही. व्याजाची ठेव असेल तर निधीत गेल्यानंतरच्या काळाचंही व्याज मिळतं. ते आधी 4 टक्के होतं, जुलै 2018 पासून साडेतीन आणि मे 2021 पासून 3 टक्के.

मी शिरपूर तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या मोबाईल अ‍ॅपवर रोज नोंदी भरते, त्यामुळे फोनवर फॉर्म भरायची भीती वाटत नाही. भाऊ शेतीत अडकलेला, म्हणून हे काम मी घेतलं.

कुणी न मागितलेल्या अशा ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' नावाचं पोर्टल आहे. ऑगस्ट 2023 मध्ये सात बँकांवर सुरू झालं, मार्च 2024 पर्यंत तीस बँका आल्या. निधीतल्या रकमेपैकी साधारण 90 टक्के याच बँकांची आहे. मोबाईल नंबरने नोंदणी होते, पैसे लागत नाहीत. नाव टाकायचं, बँक निवडायची आणि पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा जन्मतारीख यांपैकी एक द्यायचं. आबांच्या दाखल्यावरची जन्मतारीख 1 जून. त्या पिढीत शाळेत नाव घालताना मास्तर हीच तारीख लावायचे. ती टाकली तर काहीच आलं नाही. यातलं काहीच हाताशी नसेल तर पत्त्यावरून शोधायची सोय आहे, ती वापरली. आता अडचण नावाची. पाटील तर अर्ध्या खान्देशाचं आडनाव. वर आबांच्या नावातला 'राव' इंग्रजीत कुणी शेवटी ओ लावून लिहिणार, कुणी व्ही, कुणी डब्ल्यू. आडनाव आधी टाकून पाहिलं, शेवटी टाकून पाहिलं. चौथ्या रात्री डब्ल्यूवाल्या नावाला गावाचं नाव जोडलं आणि एक ओळ आली. आबांचं नाव, आमचं गाव, बँकेचं नाव आणि एक लांब नोंदणी क्रमांक. पोर्टलवर रक्कम दिसत नाही, हे आधी माहीत असलं की बरं. मी तो क्रमांक वहीत उतरवला आणि आईला फोन लावला.

आई अहिराणीत म्हणाली, "तुन्हा आबाना घामना पैसा शे तो, माय. कसाले सोडाना?"

जानेवारीत शाखेत गेले. मूळ बँक मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती, फलक बदललेला, जुना खाते क्रमांक संगणकात लागत नव्हता. टेबलावरच्या साहेबांनी पावती उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "भाऊ नाही का तुम्हाला?" आहे म्हटलं. "मग त्याला पाठवा, मुलींची फक्त सही लागते." माझ्या अंगाला आग लागली. पण मी वही पुढे केली आणि नोंदणी क्रमांक त्यांच्यासमोर ठेवला. तो टाकल्यावर खातं निघालं.

ठेवीला वारसदार (नॉमिनी) म्हणून कुणाचं नाव लावलेलं नव्हतं. त्यामुळे कागद वाढले: मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांचे आधार आणि पॅन, दावा अर्ज, जे पैसे घेणार नाहीत त्यांचं नाहरकत पत्र आणि स्टॅम्पवर क्षतिपूर्ती बंधपत्र, म्हणजे पुढे दुसरा हक्कदार निघाला तर बँकेचं नुकसान भरून देण्याची हमी. रक्कम लहान होती म्हणून कोर्टाचं वारस प्रमाणपत्र मागितलं नाही. प्रत्येक बँकेची त्यासाठीची मर्यादा वेगळी असू शकते, ती आधी लेखी विचारून घ्यावी. मृत्यूच्या दाखल्यावर आणि पावतीवर नाव वेगळ्या पद्धतीने होतं, म्हणून दोन्ही व्यक्ती एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. 100 चा स्टॅम्प आता चालत नाही, ऑक्टोबर 2024 पासून 500 चा घ्यावा लागतो.

नाहरकतीचा नमुना साहेबांनीच दिला होता. त्यात मी, माझी धाकटी बहीण आणि आई यांनी हक्क सोडून सगळी रक्कम भावाला द्यावी असं होतं. मुलाच्या नावावर सोपं जातं, असं त्यांचं म्हणणं. कामाच्या घाईत मी तसंच टाइप करून आणलं.

बहीण सुरतला असते. तिची सही आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घ्यायची ठरली, कारण आखाजीला लेकी माहेरी येतातच. 2025 ची आखाजी 30 एप्रिलला होती. दारातल्या निंबाला झोका बांधलेला, आत पुरणाचा घाट चाललेला, आणि ओट्यावर बहीण तो कागद घेऊन बसली. दोनदा वाचला. मग म्हणाली, "ताई, आबांच्या मागं शेत कुणी राखलं? आईनं. मग पैसे भावाच्या नावावर कशाला?" भाऊ शेजारीच होता. तो लगेच म्हणाला, "खरं आहे, आईच्याच नावावर करा." माझ्या हे आधी लक्षात यायला हवं होतं. एक 500 चा स्टॅम्प वाया गेला, पण दुसऱ्या दिवशी नवा कागद केला. आम्हा तिघा भावंडांची नाहरकत, रक्कम आईच्या खात्यात. दोन साक्षीदार गावातलेच.

माझ्यासारख्या ज्या बायका हे करतील त्यांना एक सांगते. नाहरकतीवर सही करण्याआधी रक्कम कुणाच्या नावावर जातेय ते वाचा. ठेवीत मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो. सोडायचा तर समजून सोडा.

मे महिन्यात कागद दिले आणि झेरॉक्सवर शाखेची पोच घेतली, शिक्का आणि तारखेसह. ही पोचच पुढे कामी आली. कागद पूर्ण असले तर मृत खातेदाराचा दावा बँकेने 15 दिवसांत निकाली काढायचा असतो. आम्हाला महिनाभर "वरून पैसे आले नाहीत" हेच ऐकवलं. मग मी लेखी अर्ज दिला, त्यात लिहिलं की बँकेने आधी द्यायचे आणि निधीतून नंतर घ्यायचे असा नियम आहे, आणि 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करीन. ती तक्रार ऑनलाइन आणि फुकट करता येते. करायची वेळ आली नाही. तीन आठवड्यांत फोन आला.

मधल्या काळात तालुक्यात एकजण भेटला, रकमेच्या वीस टक्क्यांत काम करून देतो म्हणाला. त्याला काही देऊ नका. यातलं एकही काम असं नाही जे घरातल्या शिकलेल्या पोरीला जमणार नाही.

ओळखीच्या बायका अजून एक विचारतात, की पतसंस्थेतले पैसे असे सापडतील का. नाही. उद्गमवर फक्त बँकांच्या ठेवी आहेत. जळगाव जिल्ह्यात पतसंस्थांत ज्यांचे पैसे अडकले त्यांचं दुखणं फार मोठं आहे, पण त्याला हा रस्ता नाही. आयुर्विम्याचे, शेअर्सच्या लाभांशाचे, पीएफचेही पैसे इथे दिसत नाहीत, ते वेगवेगळ्या ठिकाणी शोधावे लागतात.

जुलैत आईच्या खात्यात 58 हजारांच्या थोडे वर जमा झाले. पासबुक भरून आणलं. तिला वाचता येत नाही, मी ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवलं. तिने विचारलं, पावती कुठे आहे? मूळ पावती बँकेने ठेवून घेतली होती. मी देण्याआधी दोन्ही बाजूंची रंगीत झेरॉक्स काढली होती, ती तिला दिली. तिने मागची बाजू वर करून सही पाहिली आणि कागद पुन्हा पेटीत ठेवला.

मग म्हणाली, "मन्हा भाऊनं नाव बी टाकी देख." मामा चोपड्याला गिरणीवर कामाला होते, तिथे त्यांचं खातं होतं असं तिला आठवतं. त्यांचं नाव कोणत्या स्पेलिंगने असेल ते कळायला सध्या त्यांच्या शाळेचा दाखला शोधतेय.