‘हार्डली’ म्हणजे दाबून : सातवीच्या इंग्रजीचं माझं एक वर्ष

मी मुळात गणित-विज्ञानवाली. जून २०२४ ला विषय वाटप झालं आणि आधीचे सर बदली होऊन गेल्यामुळे सातवीचं इंग्रजी माझ्या गळ्यात पडलं. शाळा निफाड तालुक्यातली, मराठी माध्यम, वर्गात ३८ पोरं आणि आजूबाजूला सगळीकडे द्राक्षबागा. मनात म्हटलं एवढं काय, इंग्रजी पहिलीपासून शिकतायत ही पोरं, पुस्तक पुढे सरकवायचं झालं.

पहिल्याच आठवड्यात तो भ्रम उतरला. पुस्तकाबाहेरचा एक छोटा उतारा फळ्यावर लिहिला आणि एकेकाला वाचायला उभं केलं. एक पोरगा असा घडाघडा वाचून गेला की मीच खूश. विचारलं, गोष्टीत काय झालं रे? तर म्हणे, "मॅडम, ते माहीत नाय, पण वाचलं ना बरोबर?" त्याचं काही चुकलं नव्हतं, कारण आजवर त्याला वाचन म्हणजे एवढंच सांगितलं गेलं होतं, मोठ्यांदा, न अडखळता, आणि मग खाली बसायचं.

मग मी तेच केलं जे माझ्या बाईंनी माझ्याबरोबर केलं होतं. रोज दहा शब्द फळ्यावर, अर्थासकट वहीत, पाच-पाच वेळा लिहून आणायचे, शुक्रवारी टेस्ट. टेस्टला दहापैकी दहा, नऊ, दहा. मी स्टाफरूममध्ये मिरवून पण घेतलं. पंधरा दिवसांनी सहज तेच शब्द परत विचारले तर वर्ग माझ्याकडे असा बघतोय जणू मी ते शब्द आत्ताच शोधून काढलेत. माणूस पाठ केलेलं किती पटापट विसरतो हे एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्येच लिहून ठेवलंय, बीएडला आम्ही ते पाच मार्कांसाठी पाठ केलं होतं आणि अर्थातच विसरलो होतो.

आणि विसरणं सोडा, अर्थ तरी काय लिहून घेत होते! ‘रिलक्टंट’ हा शब्द आला, पोरांनी गाइडमधून अर्थ उतरवला ‘अनिच्छुक’. मी विचारलं अनिच्छुक म्हणजे काय? शांतता. म्हणजे एका न कळणाऱ्या शब्दाचा अर्थ दुसरा न कळणारा शब्द, आणि दोन्ही पाचपाच वेळा लिहिलेले. मग मी म्हटलं, तुला आई दुकानात जा म्हणते आणि तू आत्ता नको, नंतर जातो, दादाला सांग असं करतोस, त्याला काय म्हणतात? मागच्या बाकावरून आवाज आला, "आढेवेढे घेणं!" झालं, लिहा. रिलक्टंट म्हणजे आढेवेढे घेणारा. तेव्हापासून नियम केला की अर्थ असा पाहिजे जो तुमची आजी बोलेल.

ऑगस्टपासून चार घरांचं कार्ड सुरू केलं. फ्रेअर मॉडेल म्हणतात याला, १९६९ सालचं, विस्कॉन्सिन विद्यापीठातलं. आमचं आपलं पाठकोऱ्या कागदावर. मधोमध शब्द, एका घरात अर्थ, दुसऱ्यात तो ओळखायच्या खुणा, तिसऱ्यात उदाहरण आणि चौथ्यात जे उदाहरण नाहीये ते. खरी मजा या चौथ्या घरात होती. रिलक्टंटच्या उदाहरणात एकाने लिहिलं, ‘बाबा पहाटे पाचला फवारणीला उठवतात तेव्हा मी’. आणि चौथ्या घरात लिहिलं, ‘बाबा मॅच बघायला उठवतात तेव्हा मी’. माणूस तोच, उठायची वेळ तीच, आणि शब्द एकीकडे लागतो दुसरीकडे नाही! याच्यापेक्षा चांगला अर्थ मला कुठल्याच डिक्शनरीत दाखवता आला नसता.

शब्द कुठले घ्यायचे हा पण घोळ होता. रोज दहा जमणार नव्हते, आठवड्याला सहावर आले. इसाबेल बेक म्हणून अमेरिकेतल्या अभ्यासक आहेत त्यांनी शब्दांचे तीन थर सांगितलेत, पहिला रोजचा, तिसरा एखाद्या विषयापुरता, आणि मधला म्हणजे जे शब्द कुठल्याही पुस्तकात सारखे आडवे येतात पण बोलण्यातून आपोआप शिकले जात नाहीत. जोर द्यायचा तो या मधल्या थरावर. आता आमच्याकडे गंमत अशी की पोरांचा तिसरा थर माझ्यापेक्षा पक्का! थिनिंग, डिपिंग, रूटस्टॉक, डाउनी, थ्रिप्स, मिलीबग, रेसिड्यू (फळावर उरलेला औषधाचा अंश), द्राक्षबागेतलं सगळं तोंडात. मी रेसिड्यूचं स्पेलिंग फळ्यावर लिहिलं तर एक मुलगी म्हणाली, "मॅडम हा इंग्लिश शब्द आहे? आमच्यात तर सगळेच म्हणतात." त्या दिवशी तास सोडून अर्धा तास नुसती यादी चालली, घरात बोलले जाणारे इंग्रजी शब्द, फळा भरला. वर मी उलटं पण सांगितलं, की इंग्रजीतला ‘मंगूस’ आपल्या मुंगसावरून गेलाय, पोर्तुगिजांच्या तोंडून. कोणी विश्वास ठेवला नाही.

पण अडत होतं ते या असल्या मोठ्या शब्दांवर नव्हतंच, अडायचं ते बारक्या शब्दांवर, आणि हे कळायला मला सप्टेंबर उजाडला. वाक्य होतं, ही हार्डली एट एनीथिंग. सगळ्या वर्गाचं एकमत, "त्याने दाबून खाल्लं." कारण हार्ड म्हणजे जोरात, त्याला ली लावला, म्हणजे जोरजोरात! लॉजिकला तोड नाही. पण गोष्टीतला तो म्हातारा आजारी होता, त्याने जेमतेमच काही खाल्लं होतं, आणि आमची पोरं त्याला पंगतीला बसवून मोकळी. तसंच इन्स्टेड, अनलेस, ऑलदो, हाऊएव्हर. गाइडच्या शब्दार्थात हे कधी नसतातच कारण ते ‘अवघड’ दिसत नाहीत, आणि यातला एक निसटला की अख्खी गोष्ट उलटी होते. मग सहातले दोन शब्द कायम या जातीचे ठेवले. हार्डलीच्या चौथ्या घरात पंगतीचं चित्र आलं, जिलेबीसकट.

कार्डं विसरू नयेत म्हणून द्राक्षाच्या पेटीचा रिकामा खोका आणून त्यात पुठ्ठ्याचे तीन खण केले. लाइटनरची पेटी म्हणतात ती हीच. पहिला खण रोज विचारायचा, दुसरा आठवड्यातून दोनदा, तिसरा पंधरा दिवसांनी, उत्तर आलं की कार्ड पुढच्या खणात, चुकलं की पुन्हा पहिल्यात. पोरांनी पहिल्या खणाचं नाव ठेवलं ‘घरकोंबडा’.

ऑक्टोबरात छाटणी आली आणि निम्मा वर्ग बागेत. मग दिवाळीची सुट्टी, आणि सुट्टीनंतर लगेच २० नोव्हेंबरची विधानसभा. आमच्याच वर्गात मतदान केंद्र, मला पण ड्युटी दुसऱ्या गावात. परत आले तर खोका गायब! चार दिवस शोधला, शेवटी पोषण आहाराच्या खोलीत तांदळाच्या गोण्यांमागे सापडला, तिन्ही खण एकत्र कालवलेले आणि बरीच कार्डं उंदराने कुरतडलेली. मला रडायला आलं होतं खरं सांगते. पोरं मात्र म्हणाली, परत करू की. आणि परत करताना त्यांनी अर्थ न बघता लिहिले, मी नुसती बघत बसले.

वाचनाचं सांगायचं तर मोठ्यांदा वाचन कमी करून रोज पंधरा मिनिटं मनातल्या मनात वाचायला दिलं. स्टोरीवीव्हर या फुकट गोष्टींच्या वेबसाइटवरच्या गोष्टी प्रिंट काढून आणायचे. पहिल्या-दुसऱ्या लेव्हलच्या दिल्या तर मोठी पोरं नाक मुरडायची, ‘बालवाडीची पुस्तकं’ म्हणून, मग लेव्हलच्या आकड्यावर स्टिकर लावून टाकला. एका पानात पाचपेक्षा जास्त शब्द अडले तर पुस्तक बदल, बोटं मोजून. पहिला महिना नुसती कुजबुज आणि पानं उलटायचा आवाज, डिसेंबरात कधीतरी खरंच शांतता झाली तर शेजारच्या वर्गाचे सर बघायला आले काय झालं म्हणून.

परीक्षेत फार मोठा उजेड पडला असं नाही. मार्क थोडेफार वाढले, सातआठ पोरं अजूनही अक्षर जुळवतच वाचतात, त्यांच्यासाठी ही कार्डं फार पुढची होती आणि ते मला उशिरा लक्षात आलं. त्यांना सुरुवातीपासून वेगळं घ्यायला पाहिजे होतं.

जानेवारीत तो घडाघडावाला पोरगा फवारणीच्या औषधाच्या बाटलीबरोबरचं घडी घातलेलं माहितीपत्रक घेऊन आला. बारीक अक्षर, कडेला पिवळा त्रिकोण. म्हणे, "मॅडम, यात लिहिलंय डू नॉट स्प्रे अगेन्स्ट द विंड. अगेन्स्ट म्हणजे विरुद्ध ना, इंडिया अगेन्स्ट ऑस्ट्रेलिया? मग वाऱ्याबरोबर कसली मॅच?" मी म्हटलं, तूच सांग, वारा समोरून येत असताना बाबा फवारतात तेव्हा काय होतं? थोडा विचार केला त्याने. "तोंडावर येतं सगळं." मग पत्रकाची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाला हे आज बाबांना वाचून दाखवतो, कारण ते रोज तसंच मारतात.