खोपोलीचं थीम पार्क, शेजारचं वॉटर पार्क आणि मधलं हॉटेल: मुक्काम करावा का?

पोरांची शाळा सुरू व्हायच्या आधी इमॅजिकाला जाऊन आलो, दोन्ही पार्कं केली आणि मधली रात्र तिथल्याच हॉटेलात काढली. आल्यापासून सोसायटीत जो भेटतो तो एकच विचारतो, मुलुंडहून दीड-दोन तासावर तर आहे, मुक्कामाला कशाला पैसे घालवले? तर एकदाच सगळं लिहून टाकते, पुढच्यांना उपयोग होईल.

आधी हे समजून घ्या की ही जागा मुंबई आणि पुणे दोन्हीकडून एका दिवसात होते, आणि तेच तिचं दुखणं आहे. 2013 ला थीम पार्क सुरू झालं तेव्हा सगळे सकाळी जायचे आणि रात्री घरी. माणूस घरी गेला की रात्रीचं जेवण घरी, सकाळचा नाश्ता घरी, आणि दुसऱ्या दिवशी परत कोण येतंय. मग 2014 ला शेजारी वॉटर पार्क उघडलं, 2015 ला नोव्होटेल आलं, आणि आता त्या हॉटेलात 287 खोल्या आहेत. हा क्रम बघा म्हणजे डाव कळतो. नुसतं हॉटेल काढलं असतं तर राहून दुसऱ्या दिवशी करायचं काय, आणि नुसतं वॉटर पार्क काढलं असतं तर लोक एकदा हे आणि पुढच्या वर्षी ते असं करत बसले असते. दोन्ही मिळून मात्र बरोब्बर दोन दिवस आणि एक रात्र होते. तिकिटंही दोन्हीची वेगळी. दक्षिणेत वंडरलाला गेला असाल तर तिथं कोरड्या राइड्स आणि पाण्याच्या राइड्स एकाच तिकिटात असतात, त्यामुळे इकडं मुंबईत लोकांचा हमखास गोंधळ होतो. इथं तसं नाही, कुठलं तिकीट घेताय ते नीट बघून घ्या.

माझा दीर न्यू जर्सीला असतो, त्याला हे फोनवर सांगितलं तर म्हणाला वहिनी, हे तर डिस्नेचं जुनं गणित. 1955 ला कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं तेव्हा आजूबाजूला दुसऱ्यांची मोटेलं उभी राहिली आणि राहण्याचा पैसा त्यांच्या खिशात गेला, म्हणून मग फ्लोरिडात डिस्नेने आधीच 27 हजार एकरांवर जमीन घेऊन ठेवली आणि 1971 ला पार्क उघडलं तेव्हा पहिल्या दिवसापासून स्वतःची हॉटेलं तयार. पाण्याचं त्यांनी 1976 ला छोटंसं काहीतरी केलं होतं, पण तिथंच फ्लोरिडातल्या ऑर्लंडो शहरात 1977 ला वेट एन वाइल्ड म्हणून दुसऱ्या कोणाचं वॉटर पार्क निघालं आणि जोरात चाललं, पुढे डिस्नेने 1989 ला एक आणि 1995 ला आणखी एक अशी मोठी वॉटर पार्कं काढली. आणि 2025 ला त्यांनी काय केलं, तर त्यांच्या हॉटेलात राहणाऱ्यांना चेक-इनच्या दिवशी वॉटर पार्क फुकट ठेवलं. हे ऐकून मला एकदम पटलं, कारण चेक-इनचा दिवस हा नेहमी फुकट जाणारा दिवस असतो, खोली दुपारी दोन-तीनला मिळते, पोरं सकाळपासून भुणभुण करतात, आणि अर्ध्या दिवसासाठी थीम पार्कचं पूर्ण तिकीट काढायचं जिवावर येतं. दुबईला अटलांटिस हॉटेलातही तेच, तिथं राहिलं की त्यांचं वॉटर पार्क अ‍ॅक्वाव्हेंचर फुकट, म्हणजे फुकट कसलं, खोलीच्या भाड्यात धरलेलंच असतं. पण "फुकट" शब्द ऐकला की आपण खोलीचं भाडं जरा कमी डोळे वटारून बघतो हे खरं.

तर आम्ही हेच गणित आपल्या इथं लावलं. सोमवारी सकाळी निघालो. सोमवारी सगळी गर्दी मुंबईत शिरत असते, बाहेर पडणाऱ्याला रस्ता मोकळा. एक्सप्रेसवेने गेलात तर खोपोली-पालीच्या एक्झिटवर लक्ष ठेवा, गप्पांच्या नादात ती हुकली की घाट लागतो आणि मग सरळ लोणावळा. गाडी नसेल तर लोकलने खोपोलीपर्यंत जाता येतं, पण खोपोलीच्या थेट गाड्या कमी असतात, बहुतेक वेळा कर्जतला बदलावी लागते आणि स्टेशनवरून पुढे रिक्षा, चार-पाच जण आणि बॅगा असतील तर हा प्रकार नकोच.

पोचल्यावर सामान हॉटेलच्या डेस्कवर ठेवून दिलं. खोली तयार नसली तरी कुठलंही बरं हॉटेल बॅगा ठेवून घेतं, विचारायला लाजू नका. पोहण्याचे कपडे, टॉवेल, क्रीम असं सगळं एका वेगळ्या पिशवीत वर काढून ठेवा, नाहीतर लॉबीत सगळ्यांसमोर सुटकेस उघडून बसावं लागतं. आणि थेट वॉटर पार्क.

आधी वॉटर पार्क का, यावर आमच्याकडे निघायच्या आधी बराच वाद झाला होता. नवऱ्याचं म्हणणं मोठं आधी करू, ताजेतवाने असताना. मी म्हटलं, दुसऱ्या दिवशी पाण्यातून निघून ओले कपडे, दमलेली पोरं आणि खाजणारं अंग घेऊन संध्याकाळी पनवेलच्या ट्रॅफिकमध्ये बसायचं का? त्यापेक्षा पहिल्या दिवशी पाणी, चालत खोलीवर, गरम पाण्याने अंघोळ, पोरं झोपली की आपण चहा. हॉटेल जवळ असण्याचा खरा फायदा हाच आहे, बाकी लॉबी, गाद्या, नाश्त्याचे शंभर प्रकार हे सगळं ठाण्यातल्या हॉटेलातही मिळतं. शिवाय वॉटर पार्क लवकर बंद होतं आणि थीम पार्क त्यानंतरही चालू असतं, संध्याकाळची परेड असते, म्हणजे घरी निघायच्या दिवशी कोरडं पार्कच बरं.

वॉटर पार्कची सजावट ग्रीसच्या मिकोनोस बेटासारखी आहे, पांढऱ्या भिंती आणि निळे घुमट, फोटोला झकास. लूपी वूपी नावाच्या घसरगुंडीत पायाखालची झडप उघडते आणि माणूस सरळ खाली, माझा मुलगा वर रांगेत जाऊन दोनदा परत फिरला आणि मग भाची आधी गेल्यावर इज्जतीचा प्रश्न झाला म्हणून गेला. मी आपली ट्यूबमध्ये बसून तरंगणाऱ्यांतली. लाटांचा पूल सगळ्यांचा लाडका, सायरन वाजला की सगळं पब्लिक किंचाळत खोल बाजूला पळतं, पण छोट्यांना घेऊन काठाच्या उथळ भागातच बसा, लाट परत ओढते तेव्हा पाय सुटतात.

कपड्यांचं नीट वाचा कारण गेटवर सगळ्यात जास्त कटकट यावरूनच चालू होती. नायलॉन किंवा लायक्राचेच कपडे चालतात, सुती चालत नाहीत. यात नुसता नियमाचा बडेजाव नाहीये, सुती कापड पाणी पिऊन जड होतं, घसरगुंडीच्या फायबरवर अडकतं, त्याचे धागे सुटून फिल्टरमध्ये जातात. भाड्याने कपडे मिळतात, पण तुम्ही आधीच दादर किंवा आपापल्या स्टेशनबाहेरच्या दुकानातून पूर्ण बाह्यांचे आणि गुडघ्यापर्यंतचे घेऊन ठेवा, बायकांना तेच सोयीचं पडतं, ऊनही लागत नाही. मोबाइल गळ्यात लटकवायचं प्लास्टिकचं पाकीट घ्या. लॉकरमध्ये सगळं टाकून खर्चाचं एक कार्ड वर ठेवा. बाहेरचं खाणं आत चालत नाही, त्यामुळे गेटवर पोळीभाजीच्या डब्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही, नाश्ता तब्येतीत करून जा. जाताना खोपोलीत रमाकांतचा वडापाव आहेच.

पार्कवाल्यांना वॉटर पार्क एवढं का आवडतं याचं उत्तर मला त्या लाटांच्या पुलात मिळालं. रोलर कोस्टर एकदा बसलं, दोनदा बसलं, झालं, पुढच्या वर्षी पोरं विचारतात नवीन काय. पाण्याला नवीन काही लागत नाही. दर उन्हाळ्यात उकडतंच. सगळ्या वयाची माणसं एकाच पाण्यात, आजोबासुद्धा पँट वर करून बसलेले. आणि राइड उभारायचा खर्चही मोठ्या कोस्टरच्या मानाने बराच कमी. आपल्याकडचंच बघा ना, गोराईचं एस्सेलवर्ल्ड 1989 चं, आमच्या पिढीचं तर बालपणच ते, जाहिरातीत पोरगं घरी जायला तयार नसायचं आणि प्रत्यक्षात संध्याकाळी सगळे निमूट जेट्टीवर. ते बंद पडलं. त्याच्या शेजारी 1998 ला आलेलं वॉटर किंगडम मात्र चालू राहिलं. शिर्डीला जाऊन बघा, बाबांचं दर्शन झालं की पोरांना घेऊन लोक वेट एन जॉय वॉटर पार्कला. ते मालपाणी ग्रुपचं, आणि 2022 ला इमॅजिकाही त्यांनीच घेतलं. पाण्याच्या धंद्यातल्या माणसाने थीम पार्क घेतलं, यात आश्चर्य वाटायचं कारण नाही.

आता मुद्द्याचं, म्हणजे पैसे. हॉटेलच्या खोल्या शनिवार-रविवारी कुटुंबं भरतात, आणि इतर वेळी कंपन्यांच्या मीटिंगा आणि मुहूर्त असला की लग्नं. आम्ही होतो तेव्हा गळ्यात ओळखपत्रं घातलेली एक अख्खी टीम नाश्त्याला होती, डोळ्यात झोप आणि हातात डोसा. म्हणून मधल्या वारी, लग्नसराई आणि मोठ्या सुट्ट्या सोडून गेलात तर भाव बराच उतरतो आणि राइडच्या रांगाही छोट्या असतात. पण ऑफ सीझनला सगळी पार्कं रोज चालू असतीलच असं धरू नका, खोली बुक करायच्या आधी पार्कचं कॅलेंडर बघा. पॅकेज समोर आलं की तीन आकडे कागदावर मांडा, नुसती खोली, दोन्ही पार्कांची वेगळी तिकिटं, आणि पॅकेज. पॅकेजमध्ये एकच पार्क आहे का दोन्ही, लहान मुलांचं तिकीट वयावर आहे का उंचीवर, नाश्ता किती जणांचा, हे आधीच विचारून घ्या. कराचंही एक आहे, खोलीचं भाडं रात्रीला 7500 रुपयांच्या वर गेलं की जीएसटी 18 टक्के, त्याच्या आत सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के. त्यामुळे 7400 आणि 7600 मधला फरक दोनशेचा नसतो, हजाराच्या पुढे जातो. पार्कच्या तिकिटावर आधी 28 टक्के होता तो 2018 मध्ये 18 झाला.

एक सांगते, कर्जतकडच्या एका रिसॉर्टला आम्ही मागे "वॉटर पार्कसह मुक्काम" अशी जाहिरात बघून गेलो होतो, तिथं वॉटर पार्क म्हणजे दोन घसरगुंड्या आणि एक शॉवर ज्याखाली स्पीकर. नाव काही घेत नाही, पण बुक करताना फोटो नाही, राइड्सची यादी मागा.

दुसऱ्या दिवशी चेक-आउट करून बॅगा परत डेस्कवर आणि आम्ही थीम पार्कात. नायट्रो म्हणजे तिथलं मोठं रोलर कोस्टर, त्याला पायाखाली काहीच नसतं, पाय लोंबकळत असतात, चपला काढून जा. गेट उघडल्या उघडल्या आधी तिकडं जा, नंतर ऊन आणि रांग दोन्ही वाढतात, दुपारच्या उन्हात आतल्या एसीवाल्या राइड्स करा. पोरांची उंची घरी मोजून न्या, तिथं पट्टीसमोर रडारड होते. सासूबाईंना पार्कात रस नव्हता, आणि मंगळवार होता, तर त्यांना नवऱ्याने महडच्या वरदविनायकाला नेऊन आणलं, मग त्या लॉबीत मस्त एसीत जप करत बसल्या. ज्येष्ठांचं पार्कचं तिकीट भावनेच्या भरात काढू नका, त्यांना आधी विचारा.

तर मुक्काम कोणी करावा? सात-आठ वर्षांच्या पुढची मुलं असतील आणि दोन्ही पार्कं करायची असतील तर करा. फक्त वॉटर पार्क असेल तर सकाळी जाऊन संध्याकाळी परत या, एवढी खोली घेऊन नुसतं झोपायचंच आहे. एकदम लहान बाळ असेल तर उलट हॉटेल घ्या आणि एकच पार्क करा, दुपारची झोप खोलीवर होते. पावसाळ्यात जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, नुसत्या पावसाने वॉटर पार्क थांबत नाही पण विजा कडाडल्या की सगळ्यांना पाण्याबाहेर काढतात, आणि उघड्यावरच्या मोठ्या राइड्सही बंद ठेवतात.

परतताना परेड संपल्या संपल्या सगळं पार्किंग एकदम हलतं. सामान परेडच्या आधीच गाडीत टाकून ठेवा, पोरांना तिथंच काहीतरी खाऊ घाला आणि अर्धा तास उशिरा निघा.