सर, आम्ही मागितलं होतं

शाळेच्या महोत्सवासाठी आठवणी लिहा, असं पत्र हाती पडलं आणि पहिली आठवण झाली ती पवित्रशास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या तासाची आणि तो घेणाऱ्या सरांची. शाळेवर इतरजण लिहितीलच. मी सरांवरच लिहिणार.

नववीत असताना माझा धाकटा भाऊ तापानं गेला. त्या रात्री मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चमधली माणसं आमच्या घरी पहाटेपर्यंत प्रार्थना करत बसली होती. महिनाभरानं वर्गात मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय आला : ‘मागा म्हणजे तुम्हाला दिले जाईल’. मी उभी राहिले आणि म्हणाले, “सर, आम्ही मागितलं होतं.”

वर्ग चिडीचूप झाला. सर एवढंच म्हणाले, “खरं आहे. बस.”

मधल्या सुट्टीत त्यांनी मला बोलावलं, टेबलावरचे वह्यांचे गठ्ठे बाजूला सारले आणि बायबलातलं स्तोत्र 88 मोठ्यानं वाचायला लावलं. रात्रंदिवस धावा करूनही उत्तर न मिळालेल्या माणसाचं ते गाऱ्हाणं. शेवटी अंधार येतो आणि स्तोत्र संपतं. मी विचारलं, “पुढं?” सर म्हणाले, “पुढं काही नाही. ज्यांनी हे शास्त्रात ठेवलं ते विश्वासणारेच होते. देवाशी भांडायला तरी देवापुढंच जावं लागतं.”

मग त्यांनी मला एक वही दिली. पडेल तो प्रश्न त्यात लिहायचा आणि शनिवारी वही द्यायची. त्यांची उत्तरं लाल शाईत असत. कितीतरी ठिकाणी ‘मलाही ठाऊक नाही, शोधू’ एवढंच. एका शिक्षकानं मुलीच्या वहीत असं लिहावं, याचं मोल मला आज कळतं.

बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगातून येशूला ‘येणारा तो तूच का?’, म्हणजे ज्याची वाट पाहतोय तो तारणारा तूच का, असा निरोप धाडतो, हे त्याच वहीत आलं. येशूनं त्याला झिडकारलं नाही, उलट लोकांसमोर त्याला वाखाणलं. पंडिता रमाबाईही तिथंच भेटल्या. 1883 साली इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेऊनही त्रैक्यावरून, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीवरून, तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून वाद घालणाऱ्या, दुसऱ्याच्या सांगण्यावरून काहीही न मानणाऱ्या. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा होता, असं त्यांनी पुढं स्वतःच लिहिलं. आणि याच बाई हिब्रू-ग्रीक शिकून केडगावला अख्खं बायबल मराठीत आणण्यासाठी अखेरपर्यंत झिजल्या. एवढे कष्ट उसन्या विश्वासावर होत नाहीत, असं सर म्हणायचे.

पुढं मी नर्सिंग केलं, मेट्रन म्हणून निवृत्त झाले, मंडळीत ‘वडील’ (एल्डर) या जबाबदारीच्या पदावर निवडून आले. वॉर्डात कुणी आई “एवढी प्रार्थना केली, काय झालं?” म्हणाली की मी ‘देवाची इच्छा’ हे शब्द तोंडातून काढले नाहीत. तिच्याजवळ बसायचे. तिनं मागितलं तरच 88वं स्तोत्र वाचायचे. भावाच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. पण तो प्रश्न घेऊन ज्याच्याकडे रोज जाते, त्याची ओळख मात्र त्या जाण्यानंच घट्ट झाली.

हल्ली या तासाला रिकाम्या जागा भरायला देतात, असं नातीकडून कळलं. वाईट वाटलं. पाठ केलेली उत्तरं पहिल्या मोठ्या दुखण्यात गळून पडतात, हे मी खाटेशेजारी उभी राहून पाहिलं आहे. मुख्याध्यापकांना विनंती, शनिवारचा एक तास मुलांच्या प्रश्नांसाठी मोकळा ठेवा. घ्यायला माणूस नसेल तर मी येते.