वाल्सचा कांदा आणि भालोदचं भरीत

थोरला मुलगा स्पेनमध्ये तारागोनाला नोकरीला आहे. गेल्या फेब्रुवारीत त्याच्याकडे होते. एका रविवारी म्हणाला, "आई, आज वाल्सला एका शेतात जेवायला बोलावलंय. जुनी साडी नेस."

शेतात पोचलो तर बांधालगत जाळ पेटलेला. द्राक्षाच्या छाटणीच्या वाळल्या काड्या, त्यावर लोखंडी जाळी आणि जाळीवर ओळीने मांडलेले लांब पांढऱ्या दांड्याचे कांदे. बाहेरून पार कोळसा होईपर्यंत भाजायचे, मग वर्तमानपत्रात गुंडाळून वाफेवर मुरू द्यायचे आणि कौलावर वाढायचे. हो, घराच्या छपरावरच्या कौलावर. काळं साल एका हाताने ओढून काढायचं, आतला मऊ दांडा बदाम, हेझलनट, सुकी मिरची, भाजलेला टोमॅटो आणि लसणाच्या वाटणात बुडवायचा, मान मागे टाकून वरून तोंडात सोडायचा. हात काळे, हनुवटी काळी. साडी जुनी का, ते कळलं.

या कांद्याला काल्सोत म्हणतात आणि या जेवणाला काल्सोतादा. मला तर ती सरळसरळ भरीत पार्टी वाटली. माझं माहेर यावल तालुक्यातलं भालोद. कापूस निघाला की पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या, बांधावर रचलेल्या असायच्या. थंडीत त्या पेटवून त्यावर हिरवी-पांढरी मोठी वांगी भाजायची, सोलून लाकडी बडगीत ठेचायची, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, सढळ हाताने तेल. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. चातुर्मास वांग्याविना काढलेला, त्यामुळे चंपाषष्ठीनंतरच्या त्या पहिल्या भरिताची चव काही औरच. आई अजून म्हणते, "पऱ्हाट्याइवर भाजलं तं भरीत, नही तं नुसती भाजी." तिचं खरंच आहे. बारीक काडीचा जाळ झपकन चढतो आणि तितक्याच लवकर बसतो. साल जळतं, धूर आत शिरतो आणि गर पाणचट होत नाही. गॅसवर ते साधत नाही. वाल्सच्या शेतकऱ्याला वेलीची काडी हाताशी, आपल्याला पऱ्हाटी. पीक निघाल्यावर जे उरतं, त्यावरच दोन्हीकडची मेजवानी.

आणि वांगं? तेही तिथे होतंच! शेतकऱ्याच्या बायकोने एका ताटात निखाऱ्यावर भाजलेली वांगी, ढोबळी मिरची आणि कांदा सोलून, लांब चिरून, वर ऑलिव्ह तेल सोडून आणलं. त्याला एस्कालिवादा म्हणतात. राखेत, निखाऱ्यावर भाजणं असाच त्या नावाचा अर्थ. तिथल्या कातालान भाषेत वांग्याला 'आल्बरजिनिया' म्हणतात, तो शब्द अरबीतल्या 'अल-बादिंजान'वरून आला. इ.स. ७११ नंतर अरबी सत्तेबरोबर भात, ऊस, केशर, वांगं अशी पिकं स्पेनच्या मातीत रुजली. स्पॅनिशमधले तांदूळ आणि तेलाचे शब्द, 'आर्रोस' आणि 'असेइते', तेही अरबीच. आपल्याकडचं वांगं इराण, अरबस्तान करत तिथे गेलं. उलट कोलंबस १४९३ मध्ये अमेरिकेहून परतला, त्यानंतर मिरची युरोपात आली आणि पुढे पोर्तुगीज जहाजांतून आपल्याकडे. शेंगदाणाही मूळचा अमेरिकेचाच. मिरची-शेंगदाण्याशिवाय आपलं भरीत मला कल्पनेतही आणता येत नाही. हे ताटासमोर बसल्या-बसल्या डोक्यात आलं आणि मला भरून आलं.

मी सोबत नेलेला हिरव्या मिरचीचा ठेचा त्या बाईंना दिला. त्यांनी एस्कालिवादावर थोडासा घेतला, डोळ्यांत पाणी आलं, तरी पुन्हा घेतला.

रात्री आईला फोन केला. पंचाऐंशीची आहे, आयुष्य शेतात गेलेलं. कौल, वर्तमानपत्र, बदामाचं वाटण, सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "पण कांद्याचा दांडा येवढा लांब नि पांढरा कसा राह्यतो?" मी मुलाला विचारलं. उन्हाळ्यात काढलेला कांदा ऑगस्ट-सप्टेंबरात पुन्हा लावतात, त्याला कोंब फुटतात आणि ते वाढतील तसतशी बुडाशी माती चढवत जातात. 'काल्सार' म्हणजे भर लावणं, त्यावरूनच काल्सोत.

"किती वेळा भर लावतात?"

"दोन-तीनदा."

"मंग बरोबर हाय," आई म्हणाली आणि फोन ठेवला.