एक तांब्या पाणी

जलरंगात काम करणाऱ्या माणसानं २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला चित्रं काढायला जायचं, म्हणजे थट्टाच. टँकरची वाट बघण्यात आठ-आठ दिवस जात होते. आई रोज सकाळी एक तांब्या माझ्यापुढं ठेवायची आणि म्हणायची, "ह्यातच काय ते ब्रश-बिश धू. पुन्हा मागू नको."

पुण्यात शिकायला आलो तेव्हापासून गाव सांगितलं की ठरलेला प्रश्न यायचा, "भूकंप झाला तेच ना?" तो भूकंप किल्लारीचा, ३० सप्टेंबर १९९३चा. गणपती बोळवून लोक झोपले होते, त्या पहाटेचा. पुढं कुणी शिक्षणातल्या 'लातूर पॅटर्न'बद्दल विचारायचं. २०१६च्या एप्रिलपासून मात्र एकच: "रेल्वेनं पाणी आणलं ते!" मिरजेहून पहिली गाडी आली, दहा वॅगन, पाच लाख लिटर. तेवढ्या गाडीवर अख्खं गाव ओळखलं जाऊ लागलं.

खरं सांगायचं तर मीही त्यातलाच. कॉलेज संपल्यावर भेगाळलेली जमीन आणि आभाळाकडं बघणारा म्हातारा, अशी तीन चित्रं विकली होती. त्यातल्या एकाचा फोटो मामांना दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले.

"ही आपलीच जमीन की. मग दुष्काळ कुठंय ह्यात?"

काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतातच. पाऊस उत्तम झालेल्या वर्षीसुद्धा पडतात. माती ओलीनं फुगते, वाळली की आकसते, वरची ढेकळं फुटून भेगांत पडतात. जमीन स्वतःच स्वतःला नांगरते, असं शेतकरी म्हणतात. लहानपणी त्याच भेगांत माझ्या गोट्या हरवल्या होत्या. आणि पुण्यात बसून मी त्यांचं दुःख रंगवत होतो! इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

मग भेगा बंद. गंजगोलाई काढायची ठरवली. मध्ये जगदंबेचं देऊळ, भोवती गोल दुमजली बाजार आणि त्याला येऊन मिळणारे सोळा रस्ते. सराफा, कापड, चपला, गूळ, मिरची, असे बाजार त्या रस्त्यांवर वसलेले. पण गोल वस्तू गर्दीत उभं राहून काढता येत नाही. एका नजरेत दोन, फार तर तीन रस्ते येतात. एका ओळखीच्या दुकानदाराच्या गच्चीवर गेलो, तर गोलाई कापलेल्या पापडासारखी दिसायला लागली. पंधरा दिवस कागद फाडले. शेवटी वर्तुळाचा नाद सोडला आणि रस्त्याला एक अशी सोळा चित्रं करायची ठरवली.

रस्त्यावर बसलं की लोक जमायचे. "काय काढलालाव?" "दुकान." "आमचं पण काढा की, बोर्डासकट!"

पण तांब्यातलं पाणी दुपारपर्यंत मातकट व्हायचं. त्याच पाण्यात ब्रश बुडवायचा, मग तुरीच्या डाळीचा पिवळा गढूळ, लुगड्याचा हिरवाही गढूळ. आधी चिडचिड झाली. तिसऱ्या-चौथ्या चित्राला लक्षात आलं, की त्या उन्हाळ्यात गावाचा रंग खरोखर असाच होता. डाळमिलचा धुरळा, टँकरमागची धूळ, बादल्यांच्या रांगा. पाणी भरायच्या ठिकाणी गर्दी होऊन भांडणं नकोत म्हणून मार्चमध्येच १४४ कलम लागलं होतं. तरी त्याच रांगेत बायका एकमेकींच्या लेकींची स्थळं ठरवत होत्या. एक रांग मी काढली, पण घागरींच्या रंगांसाठी. सोळापैकी पाण्याचं चित्र तेवढं एकच.

सगळी पुरी व्हायला अडीच वर्षं लागली, कारण मधे नोकरी होती. मोठ्या शहरातल्या एका गॅलरीत घेऊन गेलो. तिथल्या बाईंनी सगळी नीट बघितली आणि घागरींचं तेवढं बाजूला काढलं. "अशी दहा करून आणा ना." मी चहा प्यायलो आणि चित्रं गुंडाळून घरी आलो.

मग लातुरातच एका मंगल कार्यालयाचा हॉल दोन दिवस भाड्यानं घेतला. पंगतीच्या टेबलांना टेकवून चित्रं मांडली. पहिल्या दिवशी बहुतेक नातेवाईकच. दुसऱ्या दिवशी दुपारी आडत बाजारातले तीन हमाल आले. चपला बाहेर काढून. त्यातले एक वयस्कर हमाल सोयाबीनच्या थप्पीच्या चित्रापुढं थांबले.

"पोती उलटी लावलीत तुमी. तोंडं आत पाहिजेत. बाहेर ठेवली की दाणे गळतेत, पोरं ओढून नेतेत."

मी म्हटलं, "दुरुस्त करतो."

"आणि तो वरचा माणूस? एवढ्या उंच थप्पीवर कुणी असं सरळ उभारत नाही. पाय फाकवून उभारतेत." त्यांनी तिथंच उभं राहून दाखवलं.

त्या रात्री आईनं तांब्या न सांगता भरून ठेवला. पोती नीट जमली. माणसाच्या पायांशी अजून झटापट चालू आहे.