फीडर पिलरपर्यंतचा फुटपाथ

फुटपाथच्या कामाचे अंतिम देयक अदा होण्यापूर्वी त्याची त्रयस्थ तपासणी करून अहवाल देणे हे माझे काम आहे. प्रत्यक्षात ही तपासणी म्हणजे बहुतेक वेळा मोजमाप पुस्तिका हातात घेऊन टेप लावत जाणे असते; पेव्हर ब्लॉक किती चौरस मीटर, कर्बस्टोन (कडेचे दगड) किती रनिंग मीटर, बोलार्ड (वाहने अडवणारे बुटके खांब) किती नग. पश्चिम महाराष्ट्रातील एका शहरात एस.टी. स्टँडपासून शासकीय रुग्णालयापर्यंत नव्याने झालेल्या ज्या फुटपाथविषयी मी लिहीत आहे, त्याच्या बाबतीत हे सगळे आकडे बरोबर होते आणि ब्लॉकांची जाडीही पुरेपूर भरत होती. ठेकेदाराने काही चोरलेले नव्हते, हे आधीच सांगून टाकते, कारण फुटपाथ वाईट म्हटला की आपल्याकडे पहिला संशय तिकडेच जातो.

या निविदेत एक अट मात्र नेहमीपेक्षा वेगळी होती. अंतिम तपासणीच्या वेळी दिव्यांग नागरिकांना प्रत्यक्ष चालवून पाहावे, असे तीत म्हटले होते. त्यानुसार बँकेतून टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले एक जन्मांध गृहस्थ आणि व्हीलचेअर वापरणाऱ्या एक प्राध्यापिका सकाळीच स्टँडवर हजर झाल्या. आमच्या बाजूने मी, महापालिकेचे तरुण कनिष्ठ अभियंता आणि ठेकेदाराचा मुकादम असे तिघे होतो.

काका पांढरी काठी टेकत पिवळ्या फरशांच्या पट्टीवरून निघाले, चार पावलांवर थांबले, पुन्हा निघाले, पुन्हा थांबले.

“पुढे काय आहे?” त्यांनी विचारले.

“काही नाही काका, मोकळंच आहे,” कनिष्ठ अभियंता म्हणाले.

“मग सारखं थांबा, थांबा कशाला सांगताय?”

कनिष्ठ अभियंत्यांना प्रश्नाचा रोख कळला नाही. या फरशा दोन प्रकारच्या असतात. उभ्या पट्ट्यांची फरशी ‘या दिशेने चालत राहा’ असे सांगते, तर उठावदार ठिपक्यांची फरशी ‘थांबा, पुढे वळण, पायरी किंवा रस्ता आहे’ असा इशारा देते. जपानमधील ओकायामा शहरात १९६७ मध्ये अशा फरशा पहिल्यांदा बसवल्या गेल्या आणि तेव्हापासून त्या जगभर पसरल्या. त्यांचा सगळा उपयोग या दोन खुणांमधील फरकावर उभा आहे. येथे सबंध रस्ताभर ठिपक्यांचीच फरशी बसवलेली होती. अंदाजपत्रकात ‘पिवळी टॅक्टाइल टाइल’ एवढीच एक बाब होती आणि पुरवठादाराकडे ठिपक्यांचा माल तयार होता. मोजमापाच्या दृष्टीने यात तक्रारीला जागाच नव्हती.

पुढे रुग्णालयाच्या अलीकडे ती पट्टी वीज कंपनीच्या फीडर पिलरच्या, म्हणजे वीज वाटून देणाऱ्या उभ्या डब्याच्या, ओट्याला जाऊन भिडली. ओट्यापाशी फरशा अगदी सफाईने कापून बसवल्या होत्या आणि पिलरच्या पलीकडे पट्टी तशीच सरळ सुरू झाली होती. काठी ओट्याला लागताच काकांनी एका अंगाला चाचपले तर कंपाउंडची भिंत होती, दुसऱ्या अंगाला कर्बची कड आणि खाली रस्ता. मधली मोकळी जागा मी टेपने मोजली, ती ३८ सेंटीमीटर भरली.

“लाइन ड्रॉइंगमध्ये सरळच आहे मॅडम, आणि डबा तर आधीपासूनच होता,” मुकादम म्हणाला. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

प्राध्यापिकाबाईंना तर फुटपाथवर पोहोचताच आले नाही. दुचाकी वर चढू नयेत म्हणून तोंडाशी बोलार्ड लावले होते, त्यांच्यामधील अंतर ६० सेंटीमीटर होते आणि बाईंची खुर्ची ६६ सेंटीमीटर रुंद. पुढच्या सोसायटीच्या फाटकापाशी उतार होता, पण रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे कर्बची उंची जास्तीत जास्त १५ सेंटीमीटर असायला हवी, ती येथे २८ होती. उताराचे प्रमाण एकास बारा धरले तर एवढ्या उंचीला ३ मीटरहून अधिक लांबी लागते. येथे ती एक मीटरही नव्हती. “वर ढकलून न्याल हो, पण उतरताना मी तोंडावर जाईन,” असे म्हणून बाईंनी खुर्ची रस्त्याच्या कडेने घेतली आणि मागून एस.टी. येत असतानाच रोजच्या सवयीने रुग्णालयाकडे निघाल्या. कनिष्ठ अभियंता धावत जाऊन त्यांच्या आणि गाड्यांच्या मध्ये चालू लागले.

परत आल्यावर त्यांनी मला विचारलेला प्रश्न योग्य होता : खुर्ची जाईल एवढी फट ठेवली की स्कूटरही जाते, मग करायचे काय? मुंबईत फुटपाथवरील बोलार्डमुळे व्हीलचेअर अडते, याची दखल मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून घेतली होती, त्याच्या मुळाशी हाच पेच आहे. माझे मत स्पष्ट आहे. फट मोठीच ठेवावी आणि स्कूटर रोखणे हे वाहतूक पोलिसांचे काम मानावे. स्कूटरस्वाराच्या बेशिस्तीची शिक्षा व्हीलचेअरवरील माणसाला देणे मला पटत नाही. कर्ब उंच बांधण्यामागेही तेच कारण होते आणि त्या उंचीमुळे म्हातारी माणसेही खालूनच चालत होती.

अहवाल लिहायला बसले तेव्हा छापील तक्त्यात यातले काहीच बसेना. प्रत्येक बाबीपुढे ‘समाधानकारक’ लिहिणे मला भाग होते, आणि तरीही स्टँडवरून रुग्णालयापर्यंत दोघांपैकी एकालाही फुटपाथवरून जाता आले नव्हते. फुटपाथ ठिकठिकाणी अडीच मीटर रुंद आहे याला अर्थ नसतो. पिलरपाशी तो ३८ सेंटीमीटर असेल तर त्याची रुंदी ३८ सेंटीमीटरच धरली पाहिजे. तसे मी स्वतंत्र टिपणात लिहिले आणि १.८ मीटरच्या किमान मोकळ्या रुंदीचा निकष सलग कुठून कुठपर्यंत पाळला गेला आहे, याचा नकाशा जोडला.

ठेकेदाराने नकाशाबरहुकूम काम केले असल्याने त्याचे देयक रोखता आले नाही. दुरुस्ती जादा बाब म्हणून मंजूर झाली : बोलार्डच्या प्रत्येक रांगेतील एक काढला, उतार नव्याने बांधले, वळणे आणि ओलांडण्याच्या जागा सोडून बाकी ठिकाणी पट्ट्यांच्या फरशा आल्या. पिलर हलवण्यासाठी वीज कंपनीकडे रक्कम भरावी लागते. ती तरतूद झालेली नसल्याने तूर्त त्याच्या बाजूने रस्त्यात थोडा पुढे येणारा ओटा बांधून पट्टी वळवली आहे. पुढील निविदेत सलग चालण्याजोग्या लांबीवर काही टक्के रक्कम राखून ठेवावी, असा प्रस्ताव मी दिला होता. दरसूचीत अशी बाब नाही, असा शेरा मारून लेखा विभागाने तो परत पाठवला आहे, आणि कनिष्ठ अभियंत्यांनी दर पृथक्करण (दर कसा काढला याचा हिशेब) तयार करून तो पुन्हा सादर केला आहे.